दोन डाव्या बाजूंचं गलबत

राजा भैरवसेनाच्या गलबताला डावी बाजू एकच होती आणि राजाला राण्या होत्या दोन. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

देवीच्या उत्सवाला शंखपूरहून दक्षिणेकडे मकरबेटावर जायचं ठरलं होतं. जायला एक दिवस आणि एक रात्र, यायलाही तेवढीच. गलबतावर राण्यांसाठी दोन कोठड्या होत्या, एक डाव्या अंगाला आणि एक उजव्या. थोरल्या राणीला दासीकडून कळलं की दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला राहतो. उजवीकडे नुसतं पाणी, आणि दुपारनंतर तोंडावर ऊन. तिने डावी कोठडी मागितली. तासाभरात धाकटीनेही तीच मागितली.

येताना किनारा उजवीकडे येईल, तेव्हा कोठड्या बदला, असं राजाने सुचवून पाहिलं. दोघींनी नाकं मुरडली. दुसरीने वापरलेल्या अंथरुणावर कोण निजणार? चिठ्ठ्या टाकू म्हणाला, तर थोरलीने विचारलं की राणीचा मान आता चिठ्ठीवर ठरणार का. चार दिवस महालात कोणी कोणाशी धड बोलेना. राजाला जेवण जाईना. शेवटी वैतागून त्याने गलबताच्या तांडेलाला, हिराजीला, बोलावून घेतलं.

"दोन डाव्या बाजू असलेलं गलबत आण," राजा म्हणाला.

हिराजीला वाटलं, महाराज थट्टा करतायत. तो हसला. तिथेच चुकलं. राजा हट्टाला पेटला.

"तीन दिवस देतो. दोन्ही राण्यांनी भर दरबारात म्हटलं पाहिजे की चांगली बाजू मला मिळाली. नाहीतर गलबत दुसऱ्या तांडेलाच्या हाती देईन."

बावीस वर्षं त्या गलबतावर काढलेला माणूस घरी येऊन ओसरीवर नुसता बसून राहिला. त्याची मुलगी आवडी अंगणात शीड पसरून फाटलेला कोपरा शिवत होती. आई गेल्यापासून ती बापाबरोबर गलबतावरच वाढली होती. कुठल्या वाऱ्याला कुठलं गाव किती वाजता लागतं, हे तिला तोंडपाठ होतं. बापाने सांगितलेलं सगळं तिने ऐकून घेतलं. सुई मात्र थांबली नाही.

"बाबा, राण्यांना किनाऱ्यावर बघायचंय तरी काय?"

"काय म्हणजे? किनारा. माड, वाळू."

"कुणी विचारलं त्यांना?"

हिराजी म्हणाला की राण्यांना असं विचारायची आपली पायरी नाही. आवडीने दोरा दातांनी तोडला आणि दुसऱ्या दिवशी पडद्याचं कापड काखेत मारून ती महालात गेली. कोठड्यांच्या खिडक्यांना पडदे शिवायचे आहेत, किती जाड हवेत, असं तिने थोरल्या राणीला विचारलं. पडदा नकोच, थोरली म्हणाली. केतकवाडी तिचं माहेर. पाच वर्षं जाणं झालं नव्हतं. म्हातारे वडील आता चालू शकत नाहीत, पण गलबत जाणार म्हटल्यावर ते पुळणीवर खाट टाकून बसणार होते.

धाकटीनेही पडदा नको म्हटलं. तिचं माहेर सुरूबंदर. आई आणि बहिणी धक्क्यावर उभ्या राहून पदर हलवणार होत्या. हे सांगताना ती आवडीच्या हातातल्या कापडाची घडी उगाच उलगडत होती.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. राण्या आपापल्या जागी तोंडं फिरवून बसल्या होत्या. हिराजीच्या ऐवजी आवडी पुढे आली तशी राजाने भुवया चढवल्या.

"कुठाय दोन डाव्या बाजूंचं गलबत?"

"आहे तेच चालेल, महाराज. फक्त सुटायची वेळ मी सांगेन ती ठेवा."

"कोणती?"

"पहाटे उजाडताना, जातानाही आणि येतानाही." मग ती थोरलीकडे वळली. "राणीसाहेब, पहाटे निघालो की दुपारी केतकवाडी लागते. डाव्या हाताला, लख्ख उन्हात. खाटेवर बसलेला माणूस ओळखू येईल इतकं गलबत बाबा जवळून नेतील. परत येताना मात्र मध्यरात्र उलटलेली असते, काही दिसायचं नाही."

थोरलीने झटकन मान वळवली.

"आणि सुरूबंदर?" धाकटीने न राहवून विचारलं.

"जाताना ते मध्यरात्री मागे पडतं, राणीसाहेब. डावीकडे बसलात तर अंधारच दिसेल. पण बेटावरून पहाटे परत निघालो की दुपारी धक्का समोर येतो, आणि तो येतो उजव्या हाताला."

धाकटी उठून उभी राहिली.

"मला उजवी कोठडी हवी. चांगली बाजू तीच."

"काहीतरीच," थोरली म्हणाली. "चांगली बाजू डावी. ती माझी."

"असेल तुमची. मी माझी सोडणार नाही."

"मागतंय कोण?"

राजा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. आठवडाभराचं भांडण अजून चालूच होतं, फक्त आता दोघी जिंकत होत्या. तो सिंहासनावरून पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "पोरी, एक राहिलं. मी कुठल्या बाजूला बसू?"

"मधोमध, महाराज. डोलकाठीपाशी. एका बाजूला जरी सरकलात, तरी बाबांना पुन्हा दरबारात यावं लागेल."

राजा इतका हसला की मुकुट सांभाळायला त्याला हात लावावा लागला. थोरली हसली, मग धाकटीही. हिराजी मागे खांबाआडून बघत होता. राजाने त्याला पुढे बोलावलं आणि गलबत हयातभर त्याच्याच हाती राहील, असं जाहीर केलं. मग त्याने आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं काढून आवडीच्या हातात घातलं. ते इतकं मोठं होतं की तिने ते कोपराच्या वर सरकवलं, तरीही सैलच झालं.