अडलेलं आमेन

"…मग रूबेनच का, बाबा? मी का नाही?"

ख्रिस्ती मंडळीचे पाळकबाबा देवळाच्या पायरीवर बसून चिंचा फोडत होते. त्यांनी एक चिंचोका काढून बाजूला टाकला आणि दुसरी चिंच उचलली.

"मी कुठं म्हटलं रूबेन म्हणून?"

"म्हटलं नाही. पण म्हणणार. सगळी मंडळी तेच बोलतेय."

"मंडळी काय… काहीही बोलते."

शांतवन मकासरे उभाच होता. बाबांनी दोनदा बस म्हटलं, तरी उभा. रागावलेल्या माणसाला बसणं जमत नाही.

गोष्ट म्हटली तर लहान होती. ईस्टरच्या पहाटे गावातली मंडळी कबरस्थानात जमायची. आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवायची, मेणबत्त्या लावायची, आणि उजाडता उजाडता पाळकबाबा पुनरुत्थानाचा संदेश द्यायचे: पहाटे बाया येशूच्या कबरीशी गेल्या, तर कबर रिकामी, तो उठला होता. यंदा बाबांचे गुडघे आणि आवाज दोन्ही गेले होते. तेव्हा त्यांनी सांगून टाकलं होतं, की यंदा दुसरा कुणी बोलेल, आणि जो बोलेल तोच यापुढं मंडळीला शास्त्र शिकवील.

एवढ्यावर शांतवनची झोप उडाली होती.

तसं पाहिलं तर हक्क त्याचाच. धर्मविद्यालयात शिकलेला. बायबलातलं कुठलं वचन कुठं आहे विचारा, पुस्तक न उघडता सांगायचा. न विचारताही सांगायचा, ही गोष्ट वेगळी.

आणि रूबेन पारधे कोण? लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट फुंकणारा, वरात संपली की पिऊन गटारीशी पडणारा. त्याच्या दारात शांतवन उन्हातान्हाचा जायचा. शिव्या खायचा, परत जायचा. शेवटी त्याला देवळात आणलं, बाटली सोडवली, हातात शास्त्र दिलं, कसं वाचायचं, कसं समजावून सांगायचं, सगळं शिकवलं.

फार चांगलं शिकवलं. तिथंच तर घात झाला.

"बाबा, विहिरीत पडलेल्या शेळीचं उदाहरण माझं आहे. माझं! मी सांगितलं तेव्हा लोक जांभया देत होते. यानं तेच सांगितलं, तर रिबकाबाई रडली."

"रडली खरी."

"मी त्या बाईच्या ओसरीवर किती बसलोय, तुम्हाला ठाऊक आहे."

बाबांना ठाऊक होतं. जवान मुलगा गेल्यापासून रिबकाबाईनं तोंड मिटलं होतं. शांतवन तिला आशेची वचनं वाचून दाखवायचा, एक संपलं की दुसरं. बाई भिंतीकडे बघत बसायची. मग एकदा रूबेन गेला. त्यानं ती शेळीची गोष्ट सांगितली, आणि पुढं काय बोलायचं ते न सुचून गप्प बसून राहिला. बाई रडली. रडून झाल्यावर उठली, चूल पेटवली आणि त्याला चहा दिला. पुढच्या रविवारी उपासनेला आली ती पहिल्या रांगेत बसली, आणि गीत सुरू झालं तेव्हा तिचे ओठ हलत होते.

शांतवननं देवाचे आभार मानले. मानायलाच हवे होते. पण त्याला आनंद झाला नाही.

"बाई आली ना पण?" बाबांनी विचारलं.

"आली."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर शांतवनला ठाऊक होतं. ते तोंडावाटे काढण्यासारखं नव्हतं.

बाबांनी चिंचांचं सुपडं बाजूला सारलं. "संध्याकाळी सभेत प्रार्थना तू कर."

* * *

त्या देवळात एक रीत होती. सभा संपताना एकानं प्रार्थना करायची आणि बाकीच्यांनी गुडघे टेकायचे. प्रार्थना करणारा थांबला की पाळकानं 'आमेन' म्हणायचं, मग मंडळीनं म्हणायचं, मग उठायचं. पाळकाचं आमेन आल्याशिवाय प्रार्थना पुरी झाली नाही असंच धरायचे. हा नियम कुणी घातला, कुणालाच ठाऊक नव्हतं. मोडलाही कुणी नव्हता.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा शेवटचा आठवडा. देऊळ भरलं होतं. शांतवननं डोळे मिटले, घसा साफ केला.

"हे दयाळू पित्या… जे थोडंसं शिकून मोठं बोलतात, त्यांना तू नम्र कर."

"होय प्रभू!" मागून रूबेनचा आवाज आला. अगदी मनापासून.

शांतवन क्षणभर अडखळला. पण आता सुरू केलं होतं.

"जे दुसऱ्याच्या शेतातली कणसं खुडून आपली म्हणून मिरवतात, त्यांना क्षमा कर."

"होय प्रभू, क्षमा कर!"

"ज्यांचं कालपरवापर्यंतचं वागणं अख्ख्या गावाला माहीत आहे, त्यांना त्याचा विसर पडू देऊ नकोस."

"नको पडू देऊ, प्रभू!"

प्रार्थनेतून टोमणा मारायची कला देवळात जाणाऱ्याला शिकवावी लागत नाही. तोंडावर बोललं तर ते भांडण होतं. डोळे मिटून देवाला सांगितलं की विनंती होते. मंडळीतल्या बायकांनी पदराआडून एकमेकींकडे बघून घेतलं. कुणाविषयी चाललंय हे शेवटच्या रांगेपर्यंत कळलं होतं. हा रूबेनच तेवढा होय प्रभू, होय प्रभू करत होता. शांतवनचा आणखीच तिळपापड झाला.

त्यानं आणखी दोनचार विनंत्या केल्या आणि थांबला. "येशूच्या नावानं मागतो."

आमेन आलं नाही.

बाबांना ऐकू गेलं नसेल. तो थोडं मोठ्यानं म्हणाला, "येशूच्या नावानं मागतो, बापा."

काही नाही.

त्यानं डोळे किलकिले केले. बाबा खुर्चीवर बसले होते. जागे होते. त्याच्याचकडे बघत होते.

म्हणजे प्रार्थना पुरी झाली नव्हती…

शांतवननं पुन्हा डोळे मिटले. आजाऱ्यांसाठी मागितलं. परीक्षेला बसलेल्या पोरांसाठी मागितलं. विधवा, अनाथ, राज्यकर्ते, परगावी ऊसतोडीला गेलेली माणसं, सगळ्यांसाठी मागून झालं. कुणीतरी दुखरा गुडघा बदलला. एक मूल कुरकुरलं.

तो थांबला. बाबा गप्प.

आता मागायचं काय? एवढी वचनं पाठ असलेला माणूस, आणि एक शब्द सापडेना. कपाळावरून घाम नाकावर आला. देवळात इतकी शांतता झाली की बाहेर दोर ओढणारी गाय ऐकू येत होती.

"प्रभू…"

त्याचा प्रार्थनेचा आवाज नव्हता हा. घरात बोलायचा आवाज होता.

"प्रभू, रिबकाबाई माझ्यासमोर का रडली नाही?"

कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या.

"मीपण गेलो होतो ना. या रूबेनच्या दारातही मीच गेलो होतो. आता तो बोलतो आणि माझ्या अंगाची आग होते. त्याचा आवाज बसावा असं वाटतं. परवा तो खोकला, तर मला बरं वाटलं, प्रभू."

त्यानं नाकावरचा घाम बाहीनं पुसला.

"लोकांना आशा शिकवतो मी. आणि मलाच… तू मला कशासाठी बोलावलंस? माझा तुला काही उपयोग आहे का? असेल तर सांग. मला कुणी सांगतच नाही."

या वेळी रूबेनचं 'होय प्रभू' आलं नाही.



"आमेन," पाळकबाबा म्हणाले.

* * *

माणसं उठली, पाय झटकत बाहेर पडू लागली. शांतवन तसाच गुडघ्यांवर होता. वर बघायची त्याला लाज वाटत होती. रिबकाबाई जाता जाता त्याच्यापाशी थांबली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली.

रूबेन येऊन शेजारी उकिडवा बसला.

"दादा… ते माझ्याविषयीच होतं, मला कळलं होतं."

"मग होय प्रभू कशाला म्हणत होतास?"

"खोटं एकपण नव्हतं त्यात." रूबेननं मान खाली घातली. "दादा, ती शेळीची गोष्ट तुमची आहे, हे रिबकाबाईला मी त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

शांतवनला त्याच्याकडे बघवेना. त्यानं चाचपडत रूबेनचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

शेवटी रूबेनही गेला. देवळात दोघंच उरले. बाबा एकेक खिडकी लावत होते.

"बाबा, रविवारी कबरस्थानात रूबेनलाच उभं करा."

"रूबेन गीत सांगेल. बोलायचं तू."

"मी?" शांतवन उठला, बाकाला धरून. "मी आता काय सांगणार, बाबा? जे होतं ते सगळं आज लोकांसमोर सांडलं. विद्वत्ता गेली, अब्रू गेली. आत शोधून बघितलं, काही म्हणून हाताला लागत नाही."

बाबांनी शेवटची खिडकी लावली. कडी नीट बसली की नाही ते हलवून पाहिलं…

"त्या पहाटे बायांना कबरीत तरी काय सापडलं होतं, शांतवन?"