वेणेची तिसरी निवड

एका राज्यात दगड पाण्यासारखा चढत होता. राजाने डोंगरातल्या जादूगाराचा खजिना लुटायला सैन्य धाडले होते, आणि मरता मरता जादूगाराने शाप दिला होता, "माझी पेटी उघडेपर्यंत तुमच्या नगराचा दगड होत राहील." तेव्हापासून माणसे पायांकडून दगड होऊ लागली. कुणाचे घोटे, कुणाचे गुडघे. बाजारात भाजीवाली बसल्या जागी थिजली आणि तिच्या हातातली मेथीची जुडी हातातच वाळली.

वेणेची आत्या कमरेपर्यंत दगड झाली होती. आईबापांविना वाढलेल्या वेणेला दिवसभरात नावाने बोलावणारी ती एकटीच.

वेणा मंत्रशाळेत शिकत असे. तिथली रीत अशी, की पराक्रम केला तर पायरी चढायची आणि पायरी चढली की एक मंत्र निवडायचा. निवडलेला परत करता येत नाही. सोडलेला पुन्हा मिळत नाही. म्हणून मुले चौघाचौघांच्या टोळ्या करत आणि भांडून ठरवत.

"तू अग्नी घे, मी जखमा भरायचा घेते."

"म्हणजे मार खायला मी पुढे, आणि तू मागून फुंकर घालणार!"

वेणेला कुणी टोळीत घेतले नव्हते. मुले वाईट नव्हती. कुणाच्या लक्षातच आले नव्हते. मागे बसून ती मात्र सगळ्यांना पाहत असे. कोण हसताना तोंड झाकतो, कोण खोटे बोलताना कान खाजवतो, सारे तिला ठाऊक होते.

"आत्या, मी पेटीकडे जाते."

"टोळ्याच्या टोळ्या गेल्या, वेणू. एकही परतली नाही."

"मग मी बसून काय पाहू?"

आत्याने वेणेची वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली. तेवढे तिच्या हातांना अजून जमत होते.

पहिल्या खिंडीत दोन डोक्यांचा नाग होता. त्याची डोकी आळीपाळीने झोपत. वेणा दुपारभर खडकाआड बसून राहिली, तेव्हा तिला दिसले, की पाळी बदलताना पळभर चारही डोळे मिटतात. त्या पळात ती पार झाली.

लगेच मंत्रशाळेची टिटवी येऊन खडकावर बसली. "पायरी चढलीस. निवड. दिव्याचा, वाऱ्याचा, की अदृश्य होण्याचा?"

"अदृश्य होण्याचा."

"तो तर तुला येतोच की," टिटवी म्हणाली.

दुसऱ्या खिंडीत तलवारी हवेत तरंगत होत्या आणि दिसेल त्याला कापत होत्या. वेणा त्यांच्यामधून अदृश्य होऊन गेली.

"निवड. औषधाचा, पक्ष्यांच्या भाषेचा, की तहानभूक हरण्याचा?"

"तहानभूक हरण्याचा."

"आणि कुणी जेवायला बोलावले तर?"

"बोलावत नाहीत," वेणा म्हणाली.

तिसरे राखेचे वाळवंट होते. त्यात झरा नव्हता, झाड नव्हते. वेणा चालत राहिली. तहान लागत नव्हती, भूक लागत नव्हती, आणि "दमलीस का?" असे विचारणारेही कुणी नव्हते. एकदा ती उगीचच आपले नाव मोठ्याने म्हणाली. राखेतून प्रतिध्वनीही आला नाही.

वाळवंटापलीकडे गुहा होती. गुहेत पेटी होती, आणि पेटीभोवती गेलेल्या सगळ्या टोळ्या दगड होऊन उभ्या होत्या.

टिटवी पेटीवर बसली. "शेवटची पायरी. निवड. एक वज्रदेह. तो घेशील तर कुठला शाप लागणार नाही, वार लागणार नाही. कुणाचा स्पर्शही लागणार नाही."

"दुसरा?"

"हाक. ती कुणी घेत नाही. जिचे नाव घेशील तिला ती दगडातही ऐकू जाते. तिने ओ दिली, तर जागी होईल. नाही दिली, तर तुझा आवाज कायमचा जाईल."

वेणेने पेटीभोवती फेरी मारली. झाकणाला दोन टोकांना दोन कड्या होत्या. एकीचे हात दोन्हीकडे पोचावेत एवढी ती पेटी लहान नव्हती. मग काय घडले ते तिला कळले. पराक्रम ज्याच्या हातून होतो, पायरी त्यालाच मिळते. म्हणून जो तो पुढे धावला होता, एकेक कडी एकेकट्याने ओढली होती, आणि दगड झाला होता. वज्रदेह घेऊन ती इथे जन्मभर सुखरूप उभी राहू शकली असती. पेटी उघडली नसती.

तिने एकेक मूर्ती पाहिली. सगळ्यांचे हात कडीकडे होते. एकीचाच हात मागे होता, कडीला भिडलेल्या मैत्रिणीचा पदर धरून तिला ओढत असलेला. ती लोपा. शाळेत पहिल्या ओळीत बसणारी, वेणेशी कधी न बोललेली.

"हाक," वेणा म्हणाली.

"विचार कर. ती तुला ओळखते तरी का?"

"नाही."

तिने श्वास घेतला आणि हाक मारली, "लोपाऽ!"

गुहा गप्प राहिली. वेणेचा घसा थंड पडू लागला. आत्याला 'आत्या' म्हणता येणार नाही, एवढेच तिच्या मनात आले.

"ओ!" दगड म्हणाला. मग खोकला आला, राख उडाली. "कोण गं?"

"वेणा."

"कोण वेणा?"

"शाळेत मागे बसते."

लोपाने तिच्याकडे नीट पाहिले. "असशील. खरे सांगते, मला आठवत नाही."

"असू दे. ती कडी धर. मी 'हं' म्हटले की ओढ, आधी नाही."

"मग पायरी कुणाला मिळेल?"

"ठाऊक नाही. हं!"

दोघींनी ओढले. झाकण कुरकुरत उघडले आणि आतून थंड धूर निघून गेला. मूर्ती शिंकल्या, रडल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. टिटवीने पायरी कुणालाच दिली नाही. दोन हातांना एक पायरी कशी वाटावी, हे तिला शिकवलेले नव्हते.

राजाने लुटलेले सोने स्वतःच्या डोक्यावरून डोंगरात परत नेऊन ठेवले. भाजीवालीने ताजी मेथी मांडली. राज्यातली माणसे पुन्हा आपापल्या पायांनी चालू लागली.

आत्या चालत दारापर्यंत आली. वेणेच्या मागे उंबऱ्याबाहेर लोपा उभी होती.

"वेणू, ही कोण? मैत्रीण तुझी?"

वेणेने वळून लोपाकडे पाहिले.

"अजून नाही, आत्या," लोपा म्हणाली. "आत्ताच तर भेटलोय."

वेणेला ते उत्तर खरे वाटले. तिने आत जाऊन आणखी एक पाट मांडला.