कोरा काठ

‘पण आजच्या दिवस काठावर नाही गेलात, तर काय बिघडेल महाराज?’

सुजय दारातच आडवा उभा होता. गळ्यात कॅमेरा, काखेत स्टँड. चांदवडकरांचा सुजय, नाशिकचा मोठा फोटोवाला. पहिल्या बर्फाचा फोटो पाहिजे म्हणून दिवाळीपासून वर हिमालयात आमच्या तळ्यावर येऊन बसला होता. बसल्या बसल्या आमच्या खेमनाथबाबांचा शिष्यही झाला.

रात्रीतून बर्फ पडून गेलं होतं. तळं काळं, काठ पांढरा. बाबांनी घोंगडी खांद्यावर टाकली होती.

‘बिघडायचं काय... पलीकडं हरबा उभा असेल,’ बाबा म्हणाले.

हरबा म्हणजे बाबांचा गुरुभाऊ. दोघं एकाच गावचे, माणदेशातले. पाऊस दिसायची मारामार, तिथं बर्फ कुठलं बघणार. गुरू गेल्यावर एक या काठाला राहिला, एक त्या काठाला. उन्हाळ्यात डोंगराला वळसा घालून एकमेकांकडं जायचे, चहा प्यायचे, भांडायचे. पहिलं बर्फ पडलं की ती वाट बंद. उघडणार ती चैत्रात.

म्हणून त्या सकाळी दोघांनी आपापल्या काठावर यायचं, घोंगडी वर करून हलवायची आणि माघारी फिरायचं. हाक तेवढ्या लांब पोचत नाही. घोंगडी दिसली म्हणजे माणूस आहे.

नाही दिसली म्हणजे... तसं कधी झालं नव्हतं.

‘तुम्ही गेलात की पावलं उमटणार,’ सुजय म्हणाला. ‘सगळा काठ खराब. मला कोरा पाहिजे. जरा ऊन येऊ द्या, माझा फोटो होऊ द्या, मग जा खुशाल.’

‘हरबा थांबायचा नाही तेवढा. गुडघे गेलेत त्याचे.’

‘महाराज, परवा तुम्हीच सांगितलंत ना, कशाला चिकटून राहू नये म्हणून? आम्हाला घरदार सोडायला सांगता. तुम्हाला एक घोंगडी हलवणं सोडवत नाही?’

मी बाबांचा जुना शिष्य, चूल माझ्याकडं. चुलीपुढूनच ओरडलो, ‘ए शहाण्या, चहा घे आणि गप बस.’





बाबांनी घोंगडी खांद्यावरून काढली, घडी घातली आणि तिच्यावरच बसले. दाराकडं पाठ करून.

‘काढ,’ म्हणाले.

ऊन काही येईना. सुजय अधनंमधनं एखादा फोटो काढून बघायचा आणि मान हलवायचा. ‘अजून थोडं, महाराज.’ मी बाबांना चहा दिला, तो निवला. पुन्हा गरम केला, पुन्हा निवला. ‘अजून थोडंच.’

शेवटी ढग फाटला. सुजयनं भराभर फोटो काढले आणि नाचत आत आला.

‘झालं! जा आता. फक्त पलीकडच्या काठावर एक काळा ठिपका आलाय मधेच. पण तो काय, पुसता येतो नंतर.’

बाबा उठले ते तसेच पळत सुटले. पायात काही नाही. वाटेत एकदा पडले, उठले. पाण्यापाशी जाऊन उभे राहिले.

पलीकडं कुणी नव्हतं.

तरी हात वर करून उभे होते. घोंगडी घरातच राहिली होती. मी ती घेऊन गेलो, तर ती हलवत बसले. मला बघवेना.

कुणी म्हणेल, मग दुसऱ्या दिवशी जायचं. म्हणणाऱ्यानं यावं इथं राहायला. दुपारीच आभाळ खाली उतरलं आणि थंडी सरेपर्यंत आम्हाला दारातून तळं म्हणून दिसलं नाही. सुजय त्याच्या आधी खालच्या वाटेनं निघून गेला होता.

चैत्रात वाट उघडली. बाबा निघायच्या तयारीत होते. पलीकडून एक मेंढपाळ आला. बाबांना बघून तो मागंच सरला.

‘तुम्ही... आहात?’

‘मग कुठं जातो?’

‘पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी आम्ही मेंढरं घेऊन खाली उतरत होतो. हरबाबांनी आमच्याकडून वस्तरा मागून घेतला. तुमच्या नावानं मुंडण केलं त्यांनी. म्हणाले, खेमा गेला.’

‘आणि आता?’

मेंढपाळानं खाली बघितलं. ‘आता वर आलो, तर हरबाबांचं हिवाळ्याचं सरपण रचलं होतं तसंच होतं. एक काटकी हललेली नव्हती.’

बाबा उंबऱ्यावरच बसले.

वैशाखात सुजय आला. फोटो मोठा करून, काचेत बसवून आणला होता. मुंबईत प्रदर्शनात लागला होता, लोक समोरून हलत नव्हते म्हणे.

‘बघा महाराज. तुम्ही सोडलंत, म्हणून हा मिळाला.’

फोटो चांगलाच होता. खोटं कशाला बोलू. एक डाग नाही, एक पाऊल नाही.

बाबांनी पलीकडच्या काठावर बोट ठेवलं. ‘इथं होता ना तो ठिपका?’

‘होता. पुसला. कळतसुद्धा नाही, बघा.’

बाबा सांगणार नव्हते. म्हणून मी सांगितलं. वस्तऱ्याचं सांगितलं, सरपणाचं सांगितलं. सगळं.

सुजय भिंतीला टेकला. 

‘मूळ फोटो आहेत माझ्याकडे. सगळ्यांत ते आहेत. आधीच्यात उभे आहेत... नंतरच्यात खाली बसलेत. मला वाटलं, ठिपका लहान झाला.’

मग तो पुढं झाला.

‘मी त्यांच्यासकट नवा करून आणतो, महाराज. हा द्या परत. हा नको इथं.’

तो काच ओढायला लागला. बाबांनी सोडली नाही. घोंगडीच्या खुंटीवरची घोंगडी काढली आणि तिथं फोटो अडकवला.

‘महाराज, पाया पडतो तुमच्या. कुणीच नाही हो यात.’

बाबा त्या पांढऱ्या काठासमोर उभे राहिले...

‘राहू दे. हरबाला हेच दिसलं.’