वीस कप्प्यांचा पट्टा

जंगलात नुकतीच वीज आली होती, तेव्हाची गोष्ट. तिथला एकुलता एक वायरमन म्हणजे भिकोबा माकड. तो स्क्रू गालात ठेवायचा. एकदा उचकी लागली आणि दोन स्क्रू पोटात गेले, तेव्हा बायकोने त्याला पिशवी आणायला साळिंदराच्या दुकानात पिटाळलं.

तिथे चार कप्प्यांची कापडी पिशवी टांगली होती. तिने विचारलं, "भिकोबा, हत्यारं किती तुमची?"

"चार."

"मग मी पुरेन की."

शेजारचा वीस कप्प्यांचा चामडी पट्टा फिसकन हसला. "हिला बांधलंस तर भाजीला निघालास म्हणतील. मला बांध, साहेब म्हणतील!"

भिकोबाने पट्टाच घेतला. उरलेल्या कप्प्यांत कंगवा, आरसा, गूळ आणि केळी भरली.

भर दुपारी वाघाचा पंखा बंद पडला. सुटलेली तार जोडायला भिकोबा खांबावर चढला आणि टेस्टर शोधू लागला. कंगवा निघाला, मग केळं निघालं.

"टेस्टर काढतोयस की दुकान मांडतोयस?" घामाघूम वाघ खालून ओरडला.

भिकोबा दचकला. जड पट्टा सरकून गुडघ्यांत अडकला आणि तो धाडकन वाघाच्या पोटावर आदळला.

वाघाने जबडा उघडला, पण पंख्याकडे पाहून मिटला. "आधी तार जोड," तो गुरगुरला.

भिकोबाने टेस्टर दातांत धरून तार जोडली. पंख्याखाली वाघाचा डोळा लागताच त्याने धावत दुकान गाठलं.

"चल बाई," तो पिशवीला म्हणाला.

"आणि साहेबांचा पट्टा?"

"वाघिणीने ठेवून घेतला. बछड्यांचे लंगोट ठेवायला बरा आहे म्हणाली."