लहानूचा आसंधाचा लेप

नदीकाठच्या एका गावात लहानू नावाचा एक भोळा विणकर होता. आपल्याला अक्कल कमी आहे, हे त्याला स्वतःलाच पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो दुसऱ्यानं सांगितलेलं तंतोतंत पाळायचा.

त्याच्या बायकोचे, सगुणेचे, गुडघे धरले. बसली की उठवेना. पंधरा दिवसांवर तिच्या भाचीचं लग्न आलेलं.

"मी गेले नाही तर ताई जन्मभर बोलायची नाही," सगुणा रडकुंडीला आली. लहानू धावत नरहरशास्त्री वैद्यांकडे गेला.

वैद्यांनी आसंधाची, म्हणजे अश्वगंधेची, ओली मुळी दिली. "सावलीत वाळव. ऊन लागू देऊ नकोस."

लहानूच्या अंगणात झाड नव्हतं. म्हैस होती. तिची सावली चांगली ऐसपैस पडली होती. लहानूनं मुळी तिथं ठेवली. म्हशीनं ती खाल्ली.

"अरे, फडक्यात बांधून आढ्याला टांगायची!" वैद्य म्हणाले.

"चुकलं बघा. माझं डोकं म्हणजे रिकामं गाडगं. पुढच्या वेळी ध्यानात ठेवीन."

वैद्यांनी आपल्याकडच्या वाळलेल्या मुळीचा काढा करून तांब्याभर दिला. लहानूनं घरी येऊन फडकं पसरलं, त्यात काढा ओतला, घाईघाईनं गाठ मारली आणि आढ्याला टांगला. खाली सगुणा भाकरी थापत होती.

"वरून काय गळतंय हो?"

"औषध. उघड्यावर ठेवायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी वैद्यांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, औषध टांगायचं नसतं. पोटात घ्यायचं असतं!"

"चुकलं बघा. गाडगं रिकामं होतंच, आता तडाही गेला. ध्यानात ठेवीन."

या खेपेला वैद्यांनी मुळी उगाळून दाट लेप दिला. औषध पोटात घ्यायचं, एवढं लहानूला आठवत होतं. कुणाच्या पोटात, ते वैद्यांनी सांगितलं नव्हतं. त्यानं वाटेतच चार घास घेतले. घरी पोचला तेव्हा त्याचे दात एकमेकांना चिकटले होते.

मग सगुणाच काठी टेकत, कण्हत वैद्यांकडे गेली. मागून लहानू, तोंड मिटून.

"नीट ऐक," वैद्य एकेक शब्द तोडून म्हणाले. "ज्याचं दुखतंय त्याला लेप लावायचा. जिथं दुखतंय तिथं लावायचा. जाडसर. आणि सुकेपर्यंत त्याला हलू द्यायचं नाही. समजलं?"

लहानूनं मान हलवली. आणि या वेळी त्याला खरंच समजलं होतं. रोज संध्याकाळी तो सगुणेच्या गुडघ्यांना लेप लावायचा आणि सुकेपर्यंत तिचे पाय धरून बसायचा. लग्नाच्या दिवशी सगुणा कुणाचा हात न धरता बैलगाडीत चढली.

"जमलं की हो तुम्हाला!" ती म्हणाली.

लहानूची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी बरोबर आलं होतं. अडीअडचणीला असावा म्हणून लेपाचा डबा त्यानं बरोबर घेतला.

लग्न लागलं. पंगती बसायच्या वेळी मांडवात एकदम सगळं अडलं. नवऱ्या मुलाचे वडील रुसून कोपऱ्यात बसले होते. रेशमी अंगरखा, जरीचा फेटा, डोळ्यांत पाणी. मानाचा नारळ आधी दुसऱ्याच कुणाला दिला गेला होता. सगुणेची ताई हात जोडून उभी होती.

"व्याहीबुवा, जेवायला चला ना."

"नाही. माझं मन फार दुखलंय."

कुणाला काही सुचेना. लहानूला मात्र सुचलं. तो डबा उघडून पुढे झाला.

मन नेमकं कुठं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यानं फेट्यापासून सुरुवात केली आणि कमरेपर्यंत एक जागा सोडली नाही. मग व्याहीबुवांना मागून घट्ट मिठी मारली आणि पंगतीला ओरडून सांगितलं,

"वाढायला घ्या! हे सुकले की येतील."