अख्खा गहू शिजवणारी आई

एका नदीकाठच्या गावात एक तरुण आई राहत होती. ती चांगली शिकलेली होती, पण चुलीपुढे बसली की तिला सगळ्याचीच शंका येई. मीठ पडलं ना, भात लागला तर नाही ना, असं म्हणत ती इतक्यांदा झाकण उघडी की भातालाही संकोच वाटावा.

गावाला एकच पाणचक्की होती. ती आल्यापासून घरोघरची जाती बोथट होऊन अंगणात पडली होती. एके दिवशी चक्कीचा दगड दुभंगला. नवा दगड आणायला गाड्या दूरच्या खाणीकडे गेल्या. आईचा नवराही त्यांच्याबरोबर गेला.

कणग्या गव्हाने भरलेल्या, आणि पीठ चिमूटभर नाही! लोकांनी ठरवलं, दगड येईपर्यंत घाटापलीकडे पाहुण्यांकडे जाऊन राहायचं.

पण या आईची लेक ठमी नुकतीच तापातून उठली होती. तिला पेज देऊन देऊन घरातले तांदूळही संपत आले होते.

शेजारची काकू दारात येऊन म्हणाली, "बाजाराच्या दिवशी ऊन कललं की निघायचंय गं. पोरीला पाठुंगळी घे नि चल."

"काकू, घाटातला वारा लागून ताप उलटला म्हणजे?"

"आणि इथं राहून खाणार काय? कणगीकडं बघत बसणार?"

"गहू शिजवीन."

काकू पदर तोंडाला लावून हसली. त्या गावात खीरसुद्धा तांदळाचीच होई. "अख्खा गहू? अगं, बैलसुद्धा भरडून मागतो! बरं, शिजव. पोरीनं खाल्ला तर राहा. नाहीतर मुकाट्यानं गाठोडं बांध."

आईने मान डोलावली. काकू गेल्यावर मात्र ती खरंच कणगीकडे बघत बसली. हे आपणच बोललो की काय, असं तिला वाटलं.

तिने कणगीतला गहू काढला आणि मडक्यात घालून चुलीवर चढवला. दिवसभर रटरटल्यावर दाणा बोटाखाली जरासा दबू लागला. 'आधी आपण खावं, दुखलं तर आपलं पोट दुखू दे,' असं म्हणून तिने वाटीभर गहू खाल्ला. तो कडू होता. मग तिच्या परसाकडे ज्या फेऱ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात.

"काय गं, गहू शिजला की तूच शिजलीस?" कुंपणावरून काकूने विचारलं.

आई लाजली. पण बसल्या बसल्या तिला आठवलं, गव्हाला कीड लागू नये म्हणून आपणच त्याला एरंडेल चोळलं होतं! दळणाआधी गहू पुसून घ्यायची सवय होती, पण शिजवताना ते कुणाच्या लक्षात राहतं?

दुसऱ्या दिवशी तिने गहू राखेने चोळून कोमट पाण्यात खळखळून धुतला. तो चुलीवर ठेवला, तोच ठमी रडू लागली. "आई, गोड दे ना!"

"देते हं," म्हणून आईने गुळाचा खडा मडक्यात टाकला. पाणी आटलं, पुन्हा घातलं, सरपण संपत आलं, तरी दाणे दातांखाली कटकट वाजत राहिले. सगळेच्या सगळे गणंग!

'माझ्या हाताला यशच नाही,' असं म्हणून तिने गाठोडं बांधायला घेतलं. ठमीला उचललं तर ती कापसासारखी हलकी लागली. एवढ्याशा जिवाला घाटातून न्यायचं कसं? आईने गाठोडं सोडलं आणि पुन्हा मडक्यापाशी बसली.

'कालचा गहू कडू होता, पण दबत होता. आजचा धुतलेला, तरी टणक. आज वेगळं काय पडलं? गूळ! म्हणजे गुळाने दाणा आवळला.'

संध्याकाळी तिने नवा गहू धुऊन भिजत घातला. सकाळी तो निथळून उखळात हलकेच कांडला, जरा सुकवून पाखडला, कोंडा उडवला. मग मंद आचेवर ठेवला. झाकण उघडायला हात शिवशिवत होते, तेव्हा तिने ते पाठीमागे धरले. दाणा फुलून मऊ पडल्यावरच तिने गूळ घातला.

तिने वाटी पुढे केली. "कडू नाही ना? टोचत नाही ना? सावकाश हं, फुंकर घालू का?"

"आई, तू बोलू नको," ठमी म्हणाली. "घास दे."

वाटी संपली. दुसरीही संपत आली, तेव्हा काकू डोक्यावर गाठोडं घेऊन दारात आली. तिने एक घास तोंडात घातला, सावकाश चघळला आणि गाठोडं खाली ठेवलं.

"गूळ केव्हा घातलास?"

"सगळ्यात शेवटी. आणि काकू, आधी एरंडेल धुवा हं! नीट धुवा!"

त्या संध्याकाळी गावात घरोघरी उखळं वाजू लागली. घाटाकडे कुणीच गेलं नाही.

तात्पर्य: धान्य साठवलं म्हणजे निम्मंच काम होतं, उरलेलं निम्मं चुलीपाशी चुका करूनच शिकावं लागतं. म्हणून मडकं फसलं की आपल्या हाताला दोष देऊ नये, मडक्यात काय पडलं ते पाहावं.