हिवाळ्याच्या हातावर दही

एक होता राजा. नाव सुखसेन. तसा वाईट नव्हता म्हणे. लोक म्हणतात हो, मी नाही म्हणत.

त्याच्या गावात एक रीत होती, बरं का. ऋतू गावात पाहुणा म्हणून यायचा आणि निघताना राजा त्याच्या हातावर दही ठेवायचा. दही मिळाल्याशिवाय ऋतूला वेशीबाहेर पाऊल टाकता येत नसे. तर एकदा काय झालं, होळी झाली, हिवाळेआजोबा घोंगडी झटकून निघाले, आणि राजाने दहीच दिलं नाही. का, तर त्याला दुलईत लोळत डिंकाचे लाडू खायला आवडायचे. झालं. आजोबा अडकले. ते जितके राहिले तितका गारठा वाढत गेला. आंब्याचा मोहोर गळला, पोरंटोरं खोकून बेजार झाली.

त्या गावात होती भामी. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर. आणि तिची मैत्रीण होती तिरीप, उन्हाळ्याची लेक. दरवर्षी बापाच्या आधी तीच धावत यायची, आणि दोघी कैऱ्या पाडत गावभर हिंडायच्या. पण एक ऋतू गावात असताना दुसऱ्याने वेस ओलांडायची नाही. म्हणून यंदा तिरीप वेशीबाहेर उभी, थंडीने लहान लहान होत चाललेली. आधी भामीएवढी होती, मग गुडघ्याएवढी झाली, मग वीतभर. अजून थोडे दिवस गेले असते तर विझलीच असती बिचारी.

मग भामी तरातरा राजवाड्यात गेली. म्हणाली, "महाराज, आजोबांना जाऊ द्या. माझी मैत्रीण मरायला टेकलीय."

राजाने दुलईतून तोंडसुद्धा बाहेर काढलं नाही. "मी कुठे अडवलंय? ज्याला द्यायचं त्याने द्यावं की दही."

ऐकलंत? मेल्याला पक्कं ठाऊक होतं, एवढ्या गारठ्यात दही लागतच नाही. आणि वर म्हणतो, मी कुठे अडवलंय. मला तर अजून संताप येतो. गावातली मोठी माणसंही तसलीच. "राजाच्या मनात असेल तसं," म्हणाली आणि शेकोटीकडे वळली.

मग भामीने स्वतःच दूध विरजलं. भांडं गोधडीत गुंडाळून ठेवलं. सकाळी बघते तर दूध जसंच्या तसं. मग चुलीशेजारी ठेवलं, तर ते इतकं तापलं की नासून गेलं. आता घरात चमचाभर शिळं, आंबट विरजणच उरलं होतं, ते काही पाहुण्याच्या हातावर ठेवण्याजोगं नव्हतं. तेवढं दुधात घालून ती भांडं घेऊन वेशीबाहेर आली आणि रागाने रडायला लागली.

तिरीप म्हणाली, "भांडं माझ्याकडे दे. मी धरते पोटाशी."

"तुझ्यात ऊब उरलीय केवढी? तीही संपेल."

"संपू दे. रोज माझ्यासाठी भांडतेस, मी नुसती उभी राहून बघू?"

भामीला राग आला. तिचाही आला, स्वतःचाही आला. पण करते काय? मग तिने भांडं आणि तिरीप दोघांना गोधडीत घेतलं आणि घट्ट मिठी मारून बसली. हलली नाही, बरं का. दिवस कलला तेव्हा झाकण काढून बघते, तर दही लागलं होतं. छान, कवडीसारखं. आणि तिरीप काजव्याएवढी उरली होती.

मग भामी एका मुठीत तिरीप आणि एका हातात भांडं धरून वेशीपर्यंत आली. तिरीपला वेशीबाहेरच एका दगडावर अलगद ठेवलं आणि गावात पळत सुटली. हिवाळेआजोबांच्या तळहातावर दही ठेवलं. आजोबांचे डोळे भरून आले. "येतो पोरी," म्हणाले आणि लांब लांब ढांगा टाकत वेशीबाहेर पडले.

मागोमाग उन्हाळा आला, तांबडालाल. भामी त्याच्यावरही कडाडली. "आत्ता येताय? लेक विझत चाललीय तुमची." एवढा मोठा उन्हाळा, पण खाली मान घालून ऐकून घेतलं त्याने. मग निखाऱ्यावर घालावी तशी त्याने तिरीपवर फुंकर घातली. एकदा घातली, दोनदा घातली. तिसऱ्या फुंकरीला तिने डोळे उघडले.

"कैऱ्या?" ती म्हणाली.

"कुठल्या कैऱ्या? राजाने मोहोर घालवला सगळा. चल, चिंचा खाऊ." आणि दोघी गेल्या हातात हात घालून.

राजाने माफी मागितली म्हणता? छे. घाम पुसत बाहेर आला आणि म्हणाला, मी उद्या देणारच होतो दही. भामीने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. पण दही द्यायचा मान त्या दिवसापासून गावाने तिला दिला.

मग सगळी सुखाने नांदली. राजाही नांदला. माझ्या मनात नव्हतं, पण नांदला. चला, आता मिटा डोळे.